दोन ते चारची घरघर

सृष्टीच्या आरंभी आधी आवाज झाला आणि बाकीचं सगळं त्यातून बाहेर पडलं, असं मोठमोठे विचारवंत सांगून गेले आहेत. सृष्टीचा शेवटही एका मोठ्या आवाजानंच होईल, असं त्यांच्यातले जरा भित्रे विचारवंत सांगतात. निरीक्षकांच्या घरातला प्रलय मात्र आवाज बंद झाल्यामुळे आला, आणि तोही मंगळवारी, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी. त्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे नवा फ्रिज आला होता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले, वजनं ताडून बघितली, मापं पाण्यानं भरून मोजली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते पिशवी घेऊन रस्त्याला लागले की भाजीवाले उगाचच पारडी पुसायला घेत. खरं म्हणजे चष्म्याशिवाय त्यांना तराजूचा काटाच काय, तराजूसुद्धा नीट दिसत नसे. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि भाजीवाल्यांनी विचारली नव्हती.

जुना फ्रिज सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या दाराचं रबर गेलं होतं, आतला दिवा स्वतःच्या मर्जीनं लागायचा, आणि तो घरघरायचा. साधंसुधं घरघरणं नव्हे. आधी आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं 'ठक्'. मग अंगभर शहारा, त्यानं डोक्यावरच्या दोन रिकाम्या बाटल्या एकमेकींना किणकिण भिडायच्या. मग वीस मिनिटं चढत-उतरत जाणारी जाड घरघर. आणि शेवटी, काही वाईट बातमी कळल्यासारखा एक हुंदका देऊन तो गप्प व्हायचा. दहा मिनिटांनी पुन्हा 'ठक्'.

शिवाय तो गळायचा. त्याच्याखाली एक पत्र्याचा ट्रे होता आणि दुपारपर्यंत तो काठोकाठ भरायचा.

निरीक्षकांच्या पत्नी तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, म्हणून सगळे त्यांना 'बाई' म्हणत. जेवणाची भांडी आवरली की बरोबर दोनला त्या आडव्या होत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात फ्रिज घरघरायला लागला की चार मिनिटांत गाढ झोपत आणि चारला उठत. फक्त डोळे मिटता मिटता त्या न चुकता एक वाक्य बोलत:

"अहो, तेवढं फ्रिजखालचं पाणी टाकता का?"

मग निरीक्षकांनी गुडघे टेकायचे, जमिनीला गाल लावायचा, ट्रे हळूच ओढायचा, तो दोन्ही हातांनी मोरीपर्यंत न्यायचा आणि निम्मं पाणी स्वतःच्या पायजम्यावर घ्यायचं. निवृत्तीनंतर हे त्यांनी दोन हजार एकशे ब्याण्णव वेळा केलं होतं, लीप वर्षांचे दोन दिवस धरून. नवा फ्रिज घ्यायचं खरं कारण हे होतं. बाईंना त्यांनी "विजेची किती नासाडी होते" असं सांगितलं होतं. गणिताच्या बाईंनी ते ऐकून घेतलं, पायजम्याकडे एकदा बघितलं आणि "घ्या" म्हणाल्या.

नवा फ्रिज गळत नव्हता, त्याला ट्रे नव्हता आणि त्याला आवाजही नव्हता. "साहेब, पाळणाघरात ठेवा, पोरं उठायची नाहीत," असं विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. जुना भंगारवाल्यानं जिन्यावरून नेला, तेव्हा त्यानं प्रत्येक पायरीवर एकेक हुंदका दिला.

दोन वाजता बाई आडव्या झाल्या. दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"अहो, फ्रिज बंद पडलाय."

"चालू आहे."

"मग बोलत का नाही?"

"नवे फ्रिज बोलत नाहीत."

"का? आपण काही बोललो का त्याला?"

निरीक्षकांनी उठून फ्रिजचं दार उघडून दाखवलं. दिवा लागला, गार हवा आली. बाईंनी मान हलवली, पुन्हा आडव्या झाल्या, छताकडे बघत राहिल्या, आणि सव्वादोनला उठून बसल्या.

इथं वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाईंना ती माहीत नव्हती. दोन ते चार ही वेळ म्हणजे निरीक्षकांचं खरं आयुष्य होतं. बाकीचे बावीस तास ते पती होते, शेजारी होते, रक्तातल्या साखरेचे रुग्ण होते. दोन ते चार ते गॅलरीत खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून, कानाशी छोटा रेडिओ धरून सामन्याचं धावतं वर्णन ऐकत आणि क्रीमची बिस्किटं खात. ही बिस्किटं निरोप समारंभात मिळालेल्या पितळी वजनांच्या लाकडी पेटीत असत. वजनांना त्यांनी कपाटामागे हलवलं होतं.

आता बाई जाग्या होत्या. आणि जागं माणूस, त्यातून तीस वर्षं वर्ग सांभाळलेलं माणूस, रिकामं बसत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी निरीक्षकांकडून डब्यातले सगळे स्क्रू आकारानुसार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा मोठ्यानं वाचून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली.

"हे काय?"

"वजनं," निरीक्षक म्हणाले.

"यांच्यात क्रीम असतं?"

निरीक्षकांनी चौतीस वर्षांत हजारो दुकानदारांच्या तोंडावर जो भाव बघितला होता, तो आता त्यांच्या स्वतःच्या तोंडावर आला. तो नेमका कसा बनतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

पण खरी पंचाईत निराळीच होती. बाई सुकत चालल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी चहात मीठ घातलं. पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता त्यांची मान खाली गेली. आणि सहाव्या दिवशी त्यांनी सतरा अठ्ठे एकशे बत्तीस सांगितले. निरीक्षक जुना फ्रिज परत आणायला तडक भंगारवाल्याकडे गेले. फ्रिजचं दार तेवढं शिल्लक होतं, त्याचं टेबल झालं होतं आणि भंगारवाला त्यावर जेवत होता.

घरात आणखी एक माणूस होतं. निरीक्षकांची भाची. नोकरीसाठी म्हणून महिनाभर राहायला आली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि भिंतीला टेकवलेली गादी असे. गादी झोपायला नव्हती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून होती. भाची मोबाइलवरच्या खेळांसाठी आवाज बनवायची. राक्षसाचं पाऊल, तलवार म्यानातून निघताना होणारा सर्रकन आवाज, पातळी जिंकल्यावर वाजणारं टिंगटिंग. भाची काय करते असं कुणी विचारलं, की निरीक्षक "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत. राक्षसाच्या पावलावर पोट भरतं, हे चारचौघांत सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

"एवढंच ना?" भाची म्हणाली. "मामा, फ्रिजचा आवाज तयार मिळतो. आत्ता लावते."

तिनं लांब वायर टाकून एक स्पीकर नव्या फ्रिजच्या मागे ठेवला आणि कुठूनसा उतरवलेला आवाज लावला. बाई आडव्या झाल्या, ऐकलं, आणि दोन मिनिटांत उठल्या.

"काय झालं, मामी? फ्रिजच आहे तो."

"फ्रिज आहे गं. पण दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा आहे. परक्याच्या घरात मला झोप लागत नाही."

जुन्या फ्रिजचा आवाज कुणी टिपून ठेवला नव्हता. वाढदिवसाच्या एका व्हिडिओत तो मागे कुठंतरी होता, पण पुढे निरीक्षक गात होते.

"मग आपणच बनवू," निरीक्षक म्हणाले.

"आपण?"

"तू शिकव. मी बनवतो. मला त्याचा आवाज पाठ आहे. रोज त्याच्या पोटाखाली कान घालत होतो मी."

भाचीनं त्यांना खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक वाद्य उघडलं. वाद्य म्हणजे नुसतं चित्र. शंभर-दीडशे गोल बटणं, सरकपट्ट्या आणि दिवे. निरीक्षकांनी चष्मा लावला आणि आयुष्यात प्रथमच कुठल्या यंत्रासमोर त्यांना दुकानदार असल्यासारखं वाटलं.

"हा ऑसिलेटर. आवाजाचा कच्चा माल इथून येतो. ही गुळगुळीत लाट." तिनं बटण दाबलं. शिट्टीसारखा सरळ सूर आला. "ही करवतीच्या दात्यांसारखी." आवाज एकदम कर्कश झाला. "आणि ही चौकोनी."

"चौकोनी आवाज?"

"ऐका ना." नाकात बोलल्यासारखा पोकळ आवाज आला.

"हा आमच्या खात्यातला वरिष्ठ लिपिक," निरीक्षक म्हणाले.

"आणि हा फिल्टर. गाळणी समजा. वरचा कर्कशपणा अडवायचा, खालचा जाडपणा जाऊ द्यायचा. बघा." तिनं बटण डावीकडे फिरवत नेलं तशी करवत मऊ होत होत गोधडीखाली गेली. निरीक्षक पुढे सरकले. त्या मऊ आवाजात कुठंतरी, फार लांब, त्यांचा फ्रिज उभा होता.

"सोड," ते म्हणाले. "मी फिरवतो."

भाचीनं पुढचं सगळं पटापट दाखवलं. आवाज किती वेगानं चढावा, किती टिकावा, कसा विरावा. 'ठक्'साठी नुसती खरखर घ्यायची आणि क्षणात तोडून टाकायची. शेवटी तिनं दुसरा ऑसिलेटर चालू केला.

"आता हा पहिल्यापासून जरासा सरकवायचा. सात सेंट."

"सेंट म्हणजे?"

"एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग. त्यातले सात."

"म्हणजे शंभरात सातची खोट?"

"मामा, खोट नाही ती. दोन्ही अगदी तंतोतंत असले की आवाज मेल्यासारखा वाटतो. थोडा फरक ठेवला की त्यात जीव येतो."

"हेच मला एका तेलवाल्यानं सांगितलं होतं," निरीक्षक थंडपणे म्हणाले. "तो आता दुसरा धंदा करतो."

भाचीनं हसून सातवर ठेवलं आणि पाणी प्यायला गेली. ती परत येईपर्यंत निरीक्षकांनी ते शून्यावर आणून ठेवलं होतं. तिनं पुन्हा सात केलं. संध्याकाळी पुन्हा शून्य. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मामा, याला कोण हात लावतं?" त्यावर निरीक्षक म्हणाले, "हात कशाला लावायला हवा? खरं असतं ते आपोआप शून्यावर येतं."

काम मात्र त्यांनी मनापासून केलं. वहीत रोजचे आकडे टिपले. कुठलं बटण किती, गाळणी कुठवर, शहारा किती सेकंदांचा. खात्यात काचेच्या कपाटात एक मूळ वजन असायचं आणि बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. या प्रकरणातलं मूळ वजन म्हणजे बाईंचा कान, आणि तो कपाटात ठेवता येण्यासारखा नव्हता. तो रोज दोन वाजता आडवा व्हायचा आणि निकाल द्यायचा.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "हे विमान आहे. आणि ते आपल्याकडेच येतंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे दाढीचं मशीन. कुणाची एवढी मोठी दाढी आहे?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर मामा-भाची एकमेकांचे हात धरून उभे. मग आतून आवाज आला, "जवळ आलंय. 'ठक्' अगदी तस्संच आहे हो. बाटल्यासुद्धा! पण हा फ्रिज मेलाय."

"मेलाय?" निरीक्षक आत गेले.

"आपला श्वास घ्यायचा. हा नुसता उभा आहे. साहेब येईपर्यंत कचेरीत कुणी उभं राहावं तसा."

भाचीनं निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मामा, सात."

"नाही."

"तीन तरी?"

"तीननं सुरुवात होते," निरीक्षक म्हणाले. "सगळ्यांची तीननंच सुरुवात होते."

त्या रात्री जेवताना बाईंनी वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मी ठरवलंय. दुपारी जागंच राहायचं असेल तर वेळ कशाला फुकट घालवा? सोमवारपासून गणिताचा वर्ग सुरू करते. दोन ते चार. आठ मुलं तयार आहेत, रविवारी चारला त्यांच्या आईवडिलांना पक्कं कळवायचंय."

"कुठं घेणार?" निरीक्षकांनी जपून विचारलं.

"गॅलरीत. उजेड चांगला असतो. तुमची खुर्ची लागेल मला. आणि मापांचा धडा तुम्ही घ्यायचा."

"तू थकशील गं."

"थकलेच आहे," बाई म्हणाल्या, आणि ते इतकं साधं म्हणाल्या की निरीक्षकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी झालेली गॅलरी आली, आणि तिच्या मध्यभागी फळ्यासमोर उभ्या उभ्या डुलकी घेणाऱ्या बाई. दोन्हींत जास्त वाईट काय, हे त्यांना ठरवता येईना. रविवारी दोनला होणारी परीक्षा शेवटची होती.

भाचीला नेमकं त्याच वेळी ऑफिसनं बोलावून घेतलं. कुठल्याशा खेळात ड्रॅगन शिंकत होता आणि शिंक कुणाला पटत नव्हती. "रविवारी सकाळी येते," ती दारातून म्हणाली. "मामा, सात. किंवा निदान चार. तुम्हाला माझी शपथ." आणि गेली.

शनिवारी सकाळी निरीक्षक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना येताना बघितलं आणि त्याचा हात सवयीनं वजनकाट्याकडे गेला.

"या साहेब, या. काटा परवाच तपासून घेतलाय. सील बघा."

"मी फ्रिज ऐकायला आलोय."

दुकानदारानं नोकरी, व्यवसाय आणि संसार मिळून चाळीस वर्षं काढली होती, पण हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. निरीक्षक सरळ आत गेले. तिथं दुधाचा एक आणि थंड पेयांचा एक असे दोन जुने फ्रिज शेजारी शेजारी उभे होते. त्यांनी दोघांच्या मधल्या फटीत डोकं घातलं आणि डोळे मिटले. साबण घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं दुकानदाराकडे बघितलं. दुकानदारानं हळूच सांगितलं, "निवृत्त झाल्यावर होतं असं. वेळ जात नाही हो."

निरीक्षक मात्र ऐकत होते. दोन्ही फ्रिज घरघरत होते आणि ती घरघर फुगत होती, ओसरत होती. फुगत होती, ओसरत होती. त्यांनी घड्याळ काढलं. दर चार सेकंदांना एक श्वास.

"एक बंद कर," ते फटीतून म्हणाले.

"साहेब, दूध आहे त्यात."

"मग दुसरा कर."

दुकानदारानं पेयांचा फ्रिज बंद केला. घरघर एकदम सपाट झाली. कचेरीत उभं राहिल्यासारखी.

"आता चालू कर."

पुन्हा श्वास सुरू झाला. निरीक्षकांनी डोकं बाहेर काढलं. केसांना जळमट लागलं होतं.

"दोन्ही एकाच कंपनीचे?"

"एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. पण साहेब, कुठल्याही दोघांचं अगदी तंतोतंत जुळतं का? आमच्या दोघा भावांचं बघा ना. मी 'हो' म्हटलं की तो जरा थांबून 'हो' म्हणतो. त्याच्यावरच दुकान चाललंय." मग त्याला धीर आला. त्यानं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथं जुना पितळी तराजू शोभेला ठेवला होता. "ओळखलात का? हाच तुम्ही जप्त केला होता. बारा वर्षं झाली."

"एका पारड्याखाली मेण होतं," निरीक्षक म्हणाले. त्यांना गुन्हे पाठ असत.

"मुगाच्या दाण्याएवढं!"

"एवढंसं असलं म्हणून काय झालं?"

"काही नाही साहेब. चूक ती चूक," दुकानदार म्हणाला. "पण साहेब, तुम्ही कधी मुगाच्या दाण्याएवढंही काही इकडचं तिकडं केलं नाही का हो?"

निरीक्षकांना पितळी वजनांची पेटी आठवली. त्यांनी गरज नसताना एक साबण घेतला आणि घरी आले.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी घातली. बाई शेजारणीकडे गेल्या होत्या, तरीही घातली. खिडकीचा पडदा ओढला. वाद्य उघडलं. दुसऱ्या ऑसिलेटरचं ते बारीक बटण शून्यावर उभं होतं, सरळ, स्वच्छ, सील केल्यासारखं. त्यांनी त्यावर बाण नेला. चौतीस वर्षांत ज्यांचे तराजू त्यांनी उचलून नेले ते सगळे, तेलवाला, भाजीवाले, कोपऱ्यावरचे दोघे भाऊ, पाठीमागे रांग लावून उभे आहेत आणि खांद्यावरून डोकावून बघतायत, असं त्यांना वाटलं.

"बघू नका रे," ते पुटपुटले, आणि बटण फिरवलं.

एक. फरक कळेना. दोन. घरघर लांबवर कुठंतरी हलली. तीन. आणि चारवर स्पीकरमध्ये कुणीतरी श्वास घेतला. फुगला, ओसरला. पुन्हा फुगला, ओसरला. निरीक्षक खुर्चीत मागे टेकले. सव्वीस वर्षं भिंतीपलीकडे उभा असलेला तो म्हातारा खोलीत आला होता आणि हक्कानं घरघरत होता. भाचीनं सात म्हटलं होतं, पण त्यांनी चारवरच थांबवलं. लबाडी करायचीच तर निदान बेताची.

वहीत त्यांनी त्या दिवशीचा आकडा लिहिला. मग तो खोडला आणि पुढे 'योग्य' असा शेरा मारला. खात्यात असे शेरे त्यांनी पुष्कळ वाचले होते. त्यांचा अर्थ आज कळला.

रविवारी भाची आली. तिनं आल्या आल्या बटण बघितलं, मामांकडे बघितलं, आणि त्यांच्या पाया पडायला वाकली.

"ऊठ, ऊठ. चावटपणा पुरे," निरीक्षक म्हणाले. "आणि मामीला काही बोलू नकोस."

दोन वाजले. बाई आडव्या झाल्या. उशाशी मुलांच्या आईवडिलांचे फोन नंबर लिहिलेला कागद होता, त्यावर चष्मा ठेवलेला. "बघू या," त्या म्हणाल्या, "आज कोण येतंय ते."

स्वयंपाकघरात 'ठक्' झालं.

शहारा आला. बाटल्या किणकिणल्या. आणि मग ती घरघर भिंतीतून आली, जाड, जुनी, चढत-उतरत. मामा-भाची दाराच्या फटीतून बघत होते. बाईंनी छताकडे बघितलं. एकदा भिंतीकडे बघितलं. कपाळावरची एक आठी, जी नवा फ्रिज आल्या दिवसापासून गेली नव्हती, ती हळूहळू पुसली गेली. फ्रिज श्वास घेई तसा त्यांचाही श्वास चढत-उतरत होता. एक मिनिट. दोन. बाई कुशीवर वळल्या. हात उशीखाली गेला. तीन मिनिटं झाली आणि पापण्या मिटल्या.

"मामा," भाची कानात कुजबुजली, "झोपली."

निरीक्षकांनी डोळे पुसले. चष्म्याला काहीतरी झालं होतं, असं त्यांनी भाचीला सांगितलं. चारला फोन होणार नव्हते. गॅलरी गॅलरीच राहणार होती. उद्या सतरा अठ्ठे पुन्हा एकशे छत्तीस होणार होते. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो वजनं बरोबर केली, पण त्यातलं एकही कुणाच्या पापण्या मिटवायच्या कामी आलं नव्हतं. आज मुगाच्या दाण्याएवढ्या खोटीनं ते करून दाखवलं. आपण आयुष्यभर जे शिकलो ते सगळं पुन्हा तपासून घ्यायला हवं, असा एक विशाल विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी गॅलरीत बसून करायचा ठरवला.

कपाटामागून त्यांनी बिस्किटांचा नवा पुडा काढला. रेडिओ काखेत घेतला. चवड्यांवर चालत ते बाईंच्या खोलीवरून पुढे गेले, भाचीला हातानंच 'जा आता' केलं, गॅलरीचं दार आवाज न करता उघडलं, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. समोर त्यांची खुर्ची उन्हात त्यांची वाट बघत होती.

तेवढ्यात आतून, झोपेच्या अगदी काठावरून, बाईंचा मऊ आवाज आला:

"अहो, तेवढं फ्रिजखालचं पाणी टाकता का?"